गाडी धुतल्यावर पुसायला कोणता स्प्रे घ्यावा? आधी पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वाघोलीला सोसायटी, पार्किंग उघड्यावर, गाडी काळी. रविवारी सकाळी पाइपने धुणं होतं, पाणी बोअरचं आणि टँकरचं मिळून येतं. पुसून झालं की टपावर आणि बॉनेटवर पांढरी वर्तुळं उरतात. दुकानदाराने 'सिरॅमिक' लिहिलेला ड्रायिंग स्प्रे सुचवला आहे. तो घ्यावा, की दुसरा कुठला?

तो आत्ता घेऊ नका. असं पाणी आणि उघडं पार्किंग असताना त्याने डाग कमी होणार नाहीत, उलट जास्त उठून दिसतील. त्याऐवजी रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्याने काढावं न लागणाऱ्या धुण्याच्या द्रव्याचं, एखादं कॉन्सन्ट्रेट घ्या, पातळ करून पुसताना फवारा आणि शेवटचं पाणी तेवढं बदला. कारण कळलं की पुढच्या वेळी दुकानात उभं राहून तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुसताना मारायचा स्प्रे मुळात दोन कामं करतो. पहिलं काम टॉवेल आणि रंग यांच्यात निसरडा थर ठेवण्याचं. कितीही नीट धुतलं तरी थोडी धूळ पत्र्यावर राहतेच. पाणी पिऊन जड झालेला टॉवेल त्या कणांवरून ओढला की बारीक ओरखडे पडतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. काळ्या गाडीवर उन्हात किंवा बल्बच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, त्यातले बरेचसे धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. दुसरं काम पत्र्यावरच्या पाण्याचं रूप बदलण्याचं. काही स्प्रे पाण्याचे टपोरे मणी करतात, काही पाणी पसरवून चादरीसारखं खाली घसरवतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं या फरकात आहे.

डाग थांबवण्याचं वचन बाटलीवर असतं, पण ते तिच्या आवाक्यातलं नाही. हिशेब करून बघा. धुतलेल्या मध्यम गाडीवर पाव लिटर पाणी उरलं असं धरू. त्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ९०० मिलिग्रॅम असेल, तर पाणी उडाल्यावर पत्र्यावर सव्वादोनशे मिलिग्रॅम क्षार राहतील. चिमूटभरच, पण काळ्या रंगावर भरपूर दिसतात. त्यातला निम्मा भाग काठिण्याचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा धरला तरी तो बांधून ठेवायला ईडीटीएसारखं द्रव्य वजनाच्या पावणेचारपट, चारशेहून जास्त मिलिग्रॅम लागेल. अख्ख्या गाडीला स्प्रे लागतो २० मिली. त्यात असं द्रव्य अर्धा टक्का धरलं तरी ते १०० मिलिग्रॅम भरतं. शिवाय बांधलेला क्षारही पाणी उडाल्यावर कुठे जात नाही, तो पत्र्यावरच राहतो. म्हणून क्षार टॉवेलमध्ये तरी गेला पाहिजे, नाहीतर मुळात पाण्यातच नसला पाहिजे.

आधी पाणी मोजा. पेनासारखा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. सोसायटीच्या नळाचं पाणी ग्लासात घ्या आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, कारण टँकर बदलला की आकडा बदलतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. एकूण काठिण्यासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे पिण्यासाठी मानकात बसणारं पाणीसुद्धा काळ्या बॉनेटवर डाग पाडू शकतं. पत्र्यासाठी माझी ढोबळ विभागणी अशी: १५० च्या आत असेल तर कुठलाही बरा स्प्रे चालेल. १५० ते ४०० असेल तर सावलीत आणि घाई करून पुसावं लागेल. ४०० च्या वर शेवटचं पाणी बदलल्याशिवाय स्प्रेवर पैसे घालू नयेत. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यामानाने खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी बरंच मऊ. म्हणूनच शहरातल्या मित्राला एखादा स्प्रे लागू पडतो आणि तोच वाघोलीत फसतो.

इथे दोन गैरसमज. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल तर पाणी 'गोड' झालं असं वाटतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. डाग पडतातच, फक्त ते ओल्या फडक्याने सहज निघतात. दुसरा गैरसमज आरओच्या पाइपमधून वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल. ते साठवून गाडीला वापरणं पाणी वाचवण्याच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते चाकं, मडगार्डची आतली बाजू आणि पहिला चिखल काढायला वापरा. शेवटच्या पाण्यात त्याचा एक तांब्यासुद्धा नको.

शेवटच्या पाण्यासाठी सगळ्यात सोयीचं एसीचं पाणी. ते हवेतली वाफ थंड होऊन गळलेलं असतं, म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात. दमट दिवसांत रात्रभर एसी चालला तर पाच-सहा लिटर सहज जमतं. कोरड्या उन्हाळ्यात कमी भरतं, तेव्हा दोन-तीन रात्रींचं साठवा. कॉइलवरची धूळ आणि शेवाळ त्यात येतं, म्हणून दुहेरी सुती कापडातून गाळा आणि आठवड्याच्या आत संपवा. एसी नसेल तर घरच्या आरओचं शुद्ध पाणी चालेल. मात्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, ते चाकांसाठी बाजूला धरा. मध्यम गाडीला ६ ते ८ लिटर पुरतं. बादलीने ओतू नका, कुंड्यांना मारायच्या हातपंपाने टपापासून खाली मारत या. जड पाणी वाळायच्या आत या पाण्याने ते खाली ढकलून द्यायचं आहे.

आता बाटल्यांकडे.

सिलिका किंवा 'सिरॅमिक' स्प्रे पाण्याचे उंच, गोल मणी करतात. दिसायला फार सुंदर. पण प्रत्येक मणी एक छोटं भांडं आहे: त्यातलं सगळं पाणी एकाच ठिपक्यावर आटतं आणि सगळा क्षार तिथेच जमतो. तेच पाणी पातळ पसरलं असतं तर क्षारही विरळ पसरला असता. उघड्या पार्किंगमध्ये, जड पाण्यात, काळ्या रंगावर मण्यांची हौस महागात पडते. बागेचे स्प्रिंकलर गाडीवर उडत असतील तर फारच. हाच स्प्रे पावसाळ्यात मात्र उपयोगाचा. पावसाचं पाणी मऊ असतं, मणी घरंगळताना धूळ घेऊन जातात आणि गाडी दोन आठवडे बरी दिसते. म्हणून घ्यायचाच असेल तर जूनच्या तोंडावर घ्या. आणि पहिल्या एक-दोन सरींनंतर गाडी साध्या पाण्याने धुवा, कारण त्या सरी हवेतली धूळ खाली आणतात.

ओल्या गाडीवर मारून लगेच पाण्याने धुवून टाकायचे स्प्रे हा वेगळा प्रकार आहे. ग्योनचा वेटकोट, कारप्रोचा हायड्रोटू, मेग्वायर्सचा हायब्रिड सिरॅमिक वॅक्स हे त्यातले. यात द्रव्य पत्र्यावर पसरवण्याचं काम पाण्याचा जोर करतो. प्रेशर वॉशर असेल तर दहा मिनिटांचं काम. सोसायटीच्या पाइपला धार कमी आणि पाणी जड असेल, तर द्रव्य अर्धवट धुतलं जातं आणि पांढुरके ओघळ तसेच वाळतात. बादली-मगवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ओघळ वाळलेच तर त्याच जागी तोच स्प्रे पुन्हा मारा, पाच सेकंदांत ओल्या फडक्याने पसरवा आणि भरपूर पाणी ओता. नवा थर जुन्याला मऊ करतो.

कार्नोबाचे, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या मेणाचे, स्प्रे वॅक्स काळ्या रंगाला खोली छान देतात, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात फार टिकत नाहीत आणि जास्त झाले तर तेलकट पट्टे उठतात. गाडी सावलीत राहत असेल आणि आठवड्याला हात फिरत असेल तर आनंदाने वापरा.

साधे पॉलिमरचे क्विक डिटेलर, म्हणजे मारून लगेच पुसायचे स्प्रे, मला रोजच्या वापरासाठी जास्त भरवशाचे वाटतात. निसरडेपणा चांगला, पुसायला सोपे, चूक झाली तरी पुढच्या धुण्यात निघून जाते. आणि तुमच्यासाठी सुचवलेलं रिन्सलेस वॉशचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे ऑप्टिममचं ओएनआर किंवा त्या जातीचं दुसरं काही. हे धुण्यासाठी १ भागाला २५६ भाग पाणी असं वापरतात, लिटरला साधारण ४ मिली. पुसताना फवारायलाही एवढंच पुरतं. त्यातली पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बसतात आणि टॉवेलला घसरायला जागा देतात, मण्यांचा हट्ट धरत नाहीत. लिटरला ४ मिली म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीतून १२५ लिटर फवारा होतो. गाडीला दर वेळी २० मिली लागला तर बाटली तुमच्या गाडीपेक्षा जास्त टिकेल. एक मात्र कटाक्षाने पाळा: हे द्रव्य नळाच्या पाण्यात मिसळू नका. एसीचं गाळलेलं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. फवाऱ्यातच क्षार घातले तर काय उपयोग?

पत्र्यावर आधीच काय आहे, तेही बघा. पक्कं सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर त्यावर वॅक्सचा स्प्रे नको. वॅक्सचा थर वर बसला की पाणी वॅक्सच्या मर्जीने वागतं आणि कोटिंग शाबूत आहे की संपलंय हे कळेनासं होतं. मॅट रंग असेल तर बाटलीवर 'मॅटसाठी' लिहिलेलंच घ्या. येत्या काही दिवसांत बंपर किंवा दरवाजा रंगवायला टाकणार असाल, तर सिलिकॉनचा कुठलाही स्प्रे मारू नका आणि आधी मारलेला असेल तर पेंटरला सांगा. सिलिकॉन राहिलं की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि काम पुन्हा करावं लागतं. डॅशबोर्डसाठीचं सिलिकॉन पॉलिश बॉडीवर मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करा, त्यावर धूळ चिकटून बसते.

आता हात कसा चालवायचा. सकाळी साडेसात-आठच्या आत काम संपलं पाहिजे. पत्र्याला हाताची पाठ लावा, कोमट लागला तर गाडी सावलीत घ्या. शांपू भरपूर पाण्याने निघू द्या. बहुतेक शांपू ऋण भाराचे, तर चमक देणाऱ्या अनेक स्प्रेंतली द्रव्यं धन भाराची असतात. दोन्ही एकत्र आली की चिकट गाळ होतो आणि काळ्या रंगावर पुसता न येणारे ढग दिसतात. पुष्कळांना स्प्रे खराब वाटतो तो खरं तर उरलेल्या शांपूमुळे.

मग पाइपचं नोझल काढा आणि मंद, जाड धार टपाच्या मध्यावर सोडा. धार पसरत कडेला येते आणि थेंबांना सोबत घेऊन उतरते. पुढची काच, बॉनेट, डिकी, मग बाजू, याच क्रमाने. अर्ध्याहून जास्त पाणी इथेच जातं आणि टॉवेलचं काम हलकं होतं. त्यानंतर लगेच हातपंपाने एसीचं पाणी, त्याच क्रमाने.

टॉवेल पिळलेल्या धाग्यांचा, ज्याला ट्विस्ट लूप म्हणतात तो घ्या. १००० ते १४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), साधारण ५० बाय ८० सेंटिमीटरचा. पेट्रोल पंपावर मिळणारं पिवळं फडकं किंवा शामॉय नको. त्यांना मऊ लव नसते, धुळीचा कण आत शिरायला जागा मिळत नाही, आणि तो रंग आणि कापड यांच्यात फिरत राहतो. कोरडाठाक टॉवेलही लगेच लावू नका, त्यावर दोन-तीन फवारे मारून किंचित ओलसर करा. ओलसर धागा पाणी लवकर ओढतो.

बॉनेटचं उदाहरण घेऊ. दोन फवारे, एक डावीकडे, एक उजवीकडे, वीत-दीड वीत अंतरावरून. टॉवेल पूर्ण उलगडून काचेच्या बाजूने बॉनेटवर टाका. पुढची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि दाब न देता स्वतःकडे ओढा. टॉवेलचं वजनच पुरेसं आहे, तळहाताने दाबायचं नाही. एका ओढीत पाणी जातं, मागे धुकट ओल राहते. ती दहा-पंधरा सेकंदांत टॉवेलच्या दुसऱ्या, कोरड्या बाजूने हलक्या हाताने पुसा. ही धुकट ओल तशीच उडू दिली की पट्टे राहतात, आणि दोष पुन्हा स्प्रेला दिला जातो. एका पॅनेलला एक-दोन फवारे, अख्ख्या गाडीला १५ ते २० मिली. जास्त मारल्याने चमक वाढत नाही, फक्त पुसणं वाढतं.

काचांना सिलिकॉन किंवा सिलिकाचा स्प्रे लावू नका. पुढच्या काचेवर वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत धुरकट दिसतं. काचेसाठी नुसता एसीचं पाणी मारलेला वेगळा टॉवेल ठेवा. ब्रेकच्या डिस्कवर कुठलाच स्प्रे उडता कामा नये.

आरसे, दाराच्या कड्या, नंबरप्लेट, मागचे दिवे आणि कंपनीचा लोगो यांच्या फटींत पाणी दडून बसतं आणि गाडी पुसून झाल्यावर दहा मिनिटांनी खाली ओघळतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ५००-६०० वॉटचा हातातला ब्लोअर इथे फार उपयोगी. वायर ओल्या फरशीवरून नेऊ नका आणि अर्थिंग असलेलाच बोर्ड वापरा. ब्लोअर नसेल तर गाडी सोसायटीत एक फेरी मारून आणा, दोनदा हलकेच ब्रेक दाबा, आणि मग ओघळ पुसा.

स्प्रे काम करतो की नाही हे ठरवायचं असेल तर बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावा. एका अर्ध्या भागावर स्प्रे, दुसरा तसाच, टॉवेल आणि पाणी एकच. डाग दोन्हीकडे सारखे आले तर दोष पाण्याचा. स्प्रेच्या बाजूला तेलकट ढग आले तर मात्रा जास्त झाली किंवा शांपू राहिला. टॉवेल स्प्रेच्या बाजूला हलका सरकला आणि दुसरीकडे अडखळला, तर स्प्रे त्याचं खरं काम करतोय.

सध्याच्या पांढऱ्या वर्तुळांवर कुठलाही ड्रायिंग स्प्रे उतारा नाही. थंड पत्र्यावर साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी मिसळून भिजवलेलं मायक्रोफायबर एक मिनिट ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने आणि शांपूने धुवा. उघडं अॅल्युमिनियम आणि क्रोम टाळा. क्षार वरवर असेल तर विरघळतो. तरीही वर्तुळाची कडा बोटाला किंवा तिरक्या उजेडात जाणवत असेल तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे, आणि तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही. बाथरूमच्या टाइल्सचं अॅसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. डाग जाईल, पण धातूच्या पट्ट्या काळवंडतील आणि रंगही मलूल होईल.

रोज गाडी पुसायला येणाऱ्या माणसाशीही बोला. धुळीवर कोरडं फडकं फिरत असेल तर रविवारची ही सगळी मेहनत सोमवारी वाया जाते. त्याला पातळ केलेल्या रिन्सलेस वॉशची एक फवारणी बाटली आणि चार स्वच्छ मायक्रोफायबर द्या. आधी फवारा, मिनिटभर थांबा, मग एकाच दिशेने पुसा आणि दर पॅनेलला फडक्याची घडी बदला, एवढं दाखवलं की पुरे.

पुसायचा टॉवेल पाणी ओढेनासा झाला की पहिला संशय फॅब्रिक सॉफ्टनरवर घ्या. तो धाग्यावर मेणचट थर बसवतो. सिलिका आणि सिलिकॉनचे स्प्रेही हळूहळू टॉवेलमध्ये मुरतात आणि पाण्याला दूर लोटायला लागतात. टॉवेल वेगळा, सुती कपड्यांपासून लांब, लिक्विड डिटर्जंटमध्ये ४० अंशांच्या पाण्यात धुवा, दोनदा खळबळा आणि सावलीत वाळत घाला. शेवटच्या खळबळण्याला एसीचं पाणी उरलं असेल तर तेच वापरा. जड पाण्यात वाळलेल्या टॉवेलचे धागेही कडक होतात.